कोर्टातला शब्द न् शब्द टिपणारे करिअर : लीगल ट्रान्स्क्रिप्शन

२१ फेब्रुवारी २०२३. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या क्रमांकाच्या कोर्टात महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाची सुनावणी सुरू होती. शिवसेना कोणाची, राज्यपालांचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर देशातले नामवंत वकील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे बोलत होते. त्या दिवशी कोर्टात एक नवी गोष्ट दिसली. वकील बोलत होते आणि त्यांचे बोलणे समोरच्या पडद्यावर अक्षरांत उमटत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तोंडी युक्तिवादाचे असे थेट लेखन सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदाच होत होते.

तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी ही व्यवस्था वकिलांना समजावून सांगितली. दोघे-तिघे एकाच वेळी बोलू लागले की यंत्र थोडे अडखळते, पण संध्याकाळपर्यंत त्या चुका साफ करणारी माणसे आहेत, असे त्यांनी सांगितले होते.

या लेखाचा विषय आहे ती संध्याकाळपर्यंत चुका साफ करणारी माणसे. बोललेल्या कायदेशीर मजकुराचे अचूक लेखी रूप तयार करण्याच्या कामाला लीगल ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. तुमचे कान तयार असतील, भाषा चांगली असेल आणि एका जागी बसून लक्षपूर्वक काम करण्याचा स्वभाव असेल, तर हे करिअर तुम्हाला जमू शकते. पदवी नुकतीच पूर्ण केलेली मुलगी असो की मुले मोठी झाल्यावर पुन्हा कमावू पाहणारी गृहिणी. मात्र यात उतरण्याआधी त्याची दुसरी बाजूही नीट समजून घ्या, कारण हे क्षेत्र सध्या वेगाने बदलते आहे.

काम नेमके काय असते?

अनेकांना वाटते की कोर्टात बसून टाइप करायचे, एवढेच हे काम. प्रत्यक्षात त्याचे चार-पाच प्रकार आहेत.

पहिला प्रकार कोर्टातल्या स्टेनोचा, म्हणजे लघुलेखकाचा. न्यायाधीश आदेश किंवा निकाल तोंडी सांगतात, स्टेनो तो लघुलिपीत घेतो आणि नंतर संगणकावर उतरवतो. साक्षीदाराची साक्ष नोंदवतानाही तो हजर असतो. ही सरकारी नोकरी आहे.

दुसरा प्रकार लवादाच्या सुनावणीचा. मोठ्या कंपन्यांमधले करारांचे वाद अनेकदा कोर्टाऐवजी लवादापुढे चालतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आवारात शेरशाह मार्गावर दिल्ली आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. अशा सुनावण्यांत साक्षीदाराच्या उलटतपासणीचे शब्दशः लेखन लागते आणि अनेकदा ते त्याच दिवशी हवे असते. खासगी क्षेत्रातले हे सर्वात कसाचे काम समजले जाते.

तिसरा प्रकार रेकॉर्डिंगवरून लेखनाचा. फोनवरचे संभाषण, बैठकीचे रेकॉर्डिंग, सीसीटीव्हीतला आवाज कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा असेल, तर त्याचे लेखी रूप सोबत जोडले जाते. हे काम वकिलांच्या ऑफिसमधून येते.

चौथा प्रकार परदेशी कामाचा. अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील वकिलांचे डिक्टेशन, विमा दाव्यातले जबाब, मुलाखती असे ऑडिओ भारतात येतात. नोएडा आणि गुरुग्राममध्ये कायदेविषयक सेवा पुरवणाऱ्या कंपन्या हे काम करतात. त्यासाठी तिकडचे उच्चार आणि तिकडची कायद्याची भाषा समजावी लागते.

आणि पाचवा, नव्याने वाढणारा प्रकार म्हणजे यंत्राने लिहिलेला मजकूर ऐकून तपासण्याचा.

आधी सरकारी वाट पाहू या

दिल्लीत राहणाऱ्यांसाठी ही वाट विशेष महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय, तीस हजारी, पटियाला हाऊस, साकेत, रोहिणी, द्वारका, कडकडडूमा आणि राऊज अव्हेन्यूची न्यायालये, शिवाय केंद्र सरकारची मंत्रालये एकाच शहरात आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०७ पदांची जाहिरात काढली होती. त्यात ३१ पदे कोर्ट मास्टरची, ३३ वरिष्ठ स्वीय सहायकांची आणि ४३ स्वीय सहायकांची होती. स्वीय सहायकासाठी कोणत्याही शाखेची पदवी, इंग्रजी लघुलेखनाचा मिनिटाला १०० शब्दांचा वेग आणि संगणकावर ४० शब्दांचा टंकलेखनाचा वेग मागितला होता. मूळ वेतन ४४,९०० रुपये. वरिष्ठ स्वीय सहायकासाठी लघुलेखनाचा वेग ११० आणि मूळ वेतन ४७,६००. कोर्ट मास्टरसाठी कायद्याची पदवी, १२० चा वेग आणि अनुभव हवा, पण मूळ वेतन ६७,७०० रुपये. भत्ते वेगळे. हे आकडे लक्षात ठेवा, कारण मिनिटाला २० शब्दांच्या फरकाची किंमत काय असते, ते यातून कळते.

बारावी उत्तीर्ण असाल तर स्टाफ सिलेक्शन कमिशनची स्टेनोग्राफर परीक्षा आहे. ग्रेड ‘सी’ साठी मिनिटाला १०० आणि ग्रेड ‘डी’ साठी ८० शब्दांचा वेग लागतो. दहा मिनिटांचे डिक्टेशन इंग्रजी किंवा हिंदीत घेता येते. इंग्रजी निवडले तर संगणकावर उतरवायला ग्रेड ‘सी’ ला ४० आणि ग्रेड ‘डी’ ला ५० मिनिटे मिळतात, हिंदीला ५५ आणि ६५. या नोकऱ्या मंत्रालये आणि केंद्रीय कार्यालयांत असतात, पण कौशल्य तेच. सर्वात वरची पायरी म्हणजे संसदेतले वार्ताहर, म्हणजे सभागृहातले भाषण शब्दशः घेणारे. तिथे १६० चा वेग अपेक्षित असतो.

महाराष्ट्रात परत जाण्याचा विचार असेल तर मराठी लघुलेखनही शिका. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद टंकलेखन आणि लघुलेखनाच्या परीक्षा घेते आणि तिचे प्रमाणपत्र राज्यातल्या भरतीत विचारले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी जी मोठी भरती काढली, त्यात लघुलेखकांची ५६८ पदे होती.

वयाची अट मात्र सुरुवातीलाच पाहा. ग्रेड ‘सी’ ला सर्वसाधारण गटासाठी ३० आणि ग्रेड ‘डी’ ला २७ वर्षांपर्यंतची मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयातल्या स्वीय सहायक पदांसाठीही मर्यादा ३० होती. म्हणजे पस्तिशीत नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेक स्त्रियांसाठी सरकारी वाट बंद झालेली असते. त्यांनी क्लासमध्ये पैसे घालण्याआधी खासगी कामाचा विचार करणे योग्य.

लघुलिपी अजून शिकावी का?

इंग्लंडच्या आयझॅक पिटमन यांनी त्यांची लघुलिपी १८३७ मध्ये प्रसिद्ध केली. जवळपास १९० वर्षे झाली, तरी आपल्याकडच्या भरतीत लघुलेखनाची कसोटी आहेच. ही लिपी स्पेलिंगवर चालत नाही, उच्चारावर चालते. बारीक रेघ म्हणजे एक ध्वनी, तीच रेघ जाड केली की दुसरा. म्हणून तिचा पाया पक्का करायला साधारण वर्ष-दीड वर्ष रोजचा सराव लागतो. दिवसाला दोन तास, सुट्टी न घेता. ८० चा वेग बऱ्याच जणांना येतो, पण ८० वरून १०० वर जाताना अनेकजण कंटाळून सोडून देतात.

सरकारी नोकरी हे ध्येय असेल आणि वय हाताशी असेल, तर लघुलिपी शिकाच. फक्त रेकॉर्डिंगवरून घरी काम करायचे असेल तर तिची गरज नाही. तिथे टंकलेखनाचा वेग, कायद्याची भाषा आणि कान यांवर सगळे अवलंबून असते.

एका शब्दाने काय बिघडते?

साध्या टायपिंगमध्ये चूक झाली तर कागद पुन्हा छापता येतो. इथे चुकीची किंमत कोणीतरी दुसरा मोजतो.

आपल्या देशातल्या रेकॉर्डिंगच्या पुराव्याचा इतिहास महाराष्ट्राशी जवळून जोडलेला आहे. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या प्रकरणात मुंबईच्या कॉरोनरवर लाच मागितल्याचा आरोप होता. टेलिफोनवरचे बोलणे टेप केलेले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पुरावा म्हणून मान्य केले. पुढे जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज वेळेत दिला होता का, हे कॅमेऱ्यातल्या चित्रीकरणावरून ठरायचे होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरण कोर्टात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्यातले प्रमाणपत्र लागतेच. आज हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

घराघराशी जोडलेला निकाल तर अगदी अलीकडचा आहे. १४ जुलै २०२५ ला विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पती-पत्नीतले गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येऊ शकते. त्या प्रकरणात पतीने मेमरी कार्ड आणि सीडीसोबत संभाषणाचे लेखी रूपही देऊ केले होते. आता विचार करा. कुटुंब न्यायालयात एखाद्या बाईचे भवितव्य ठरवणाऱ्या कागदावर तिचे वाक्य कोणीतरी ऐकून लिहिलेले आहे. ती म्हणाली होती, “मी पैसे मागितले नाहीत.” रेकॉर्डिंगमध्ये शेवटचा शब्द पुसट आहे. लिहिणाऱ्याने तो सोडला तर अर्थ उलटा होतो.

म्हणून या व्यवसायात काही नियम कधीच मोडायचे नसतात. ऐकू आले नाही तर अंदाजाने लिहायचे नाही. कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहून मिनिट आणि सेकंद नोंदवायचे. बोलणाऱ्याचे व्याकरण सुधारायचे नाही. शिवी असेल तर शिवी, अडखळणे असेल तर अडखळणे, रडणे किंवा दीर्घ शांतता असेल तर तीही कंसात नोंदवायची. कोण बोलले याची खात्री नसेल तर ‘अनोळखी आवाज’ लिहायचे. आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत करून त्या प्रतीवर काम करायचे. मूळ फाइलमध्ये आवाज वाढवला, तुकडा कापला, तर पुराव्यात ढवळाढवळ झाल्याचा आक्षेप येऊ शकतो.

दिल्लीतल्या मराठी माणसाला काय फायदा?

इथे तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी इतरांकडे नाही : तुमची मराठी.

सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि तिथे दुसऱ्या भाषेतला कागद इंग्रजी भाषांतराशिवाय वापरता येत नाही. महाराष्ट्रातून एखादे अपील दिल्लीत येते, तेव्हा त्याच्यासोबत मराठीतली फिर्याद, जबाब, पंचनामा, सातबारा, फेरफार, खरेदीखत, मृत्युपत्र असे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. साक्षीदारांची सरतपासणी आणि उलटतपासणी मराठीत झालेली असते. हे सगळे अचूक इंग्रजीत आणणारी माणसे दिल्लीतल्या वकिलांना हवी असतात. ‘ताबेवहिवाट’, ‘कुळकायदा’, ‘इसार पावती’, ‘तपासी अंमलदार’ हे शब्द शब्दकोशातून घेऊन भागत नाही. ते कुठे, कशासाठी वापरतात ते माहीत असावे लागते.

शिवाय दिल्लीत राहून हिंदी तुमच्या कानात बसलेली असते. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलेल्या किंवा नवऱ्याच्या बदलीमुळे इथे येऊन दहा वर्षे झालेल्या मराठी बाईला तिन्ही भाषा येतात. पण इथेच जपून राहा, कारण सारखे दिसणारे शब्द फसवतात. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपली ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपली ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा. ‘मकान खाली करो’ म्हणजे घर रिकामे करा. आणि हिंदीतला ‘कल’ तर कालचा की उद्याचा, हे क्रियापद ऐकल्याशिवाय कळतच नाही. भाडेकरूने पैसे ‘कल’ दिले की देणार आहे, यावर खटला फिरू शकतो.

दिल्ली पोलिसांच्या जुन्या कागदांची भाषा आणखी वेगळी आहे. ‘तहरीर’ म्हणजे लेखी तक्रार, ‘जामातलाशी’ म्हणजे अंगझडती, ‘फर्द’ म्हणजे आपल्याकडच्या पंचनाम्याजवळ जाणारा कागद. सामान्य माणसाला न कळणारे असे उर्दू-फारसी शब्द एफआयआरमध्ये कशाला, असा प्रश्न २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही पोलिसांना विचारला होता. तरीही जुन्या खटल्यांच्या कागदांत ते भेटतातच. अशा शब्दांची स्वतःची एक वही करा. तीन रकाने ठेवा : मराठी, हिंदी-उर्दू, इंग्रजी. वर्षभरात ही वही तुमचे सर्वात मोठे भांडवल होईल.

यंत्र हे काम खाऊन टाकेल का?

हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयात बोललेले थेट अक्षरांत उतरवणारे प्रायोगिक कोर्ट सुरू झाले. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांत साक्षी नोंदवण्यासाठी असेच साधन वापरायला सांगितले. केंद्र सरकारच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटी आहेत.

म्हणजे स्वच्छ आवाजातले, एकाच माणसाचे, साधे इंग्रजी डिक्टेशन टाइप करण्याचे काम कमी होत जाणार. केवळ त्या भरवशावर आज या क्षेत्रात येऊ नका.

पण दुसरीकडे ऐकण्याजोगे रेकॉर्डिंग वाढते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंग करणारा फोन आहे. यातले बरेचसे रेकॉर्डिंग यंत्राला आवडेल असे नसते. मागे पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, चौघांचे एकदम भांडण, अर्धे हिंदी, अर्धे पंजाबी, मध्येच इंग्रजी. शिवाय यंत्राची चूक माणसाच्या चुकीपेक्षा वेगळी असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एका लोकप्रिय साधनाने तयार केलेल्या सुमारे एक टक्का लेखनात कोणी बोललेच नव्हते अशी वाक्ये आढळली. बोलणारा मध्ये थांबला की हा धोका जास्त. एक टक्का लहान वाटतो, पण ते वाक्य कोणाच्या तरी जबाबात घुसले तर?

माणूस न कळलेल्या जागी अडखळतो, यंत्र मात्र तिथेही सफाईदार वाक्य लिहून मोकळे होते. म्हणून ते वाक्य पकडायला मूळ आवाज पुन्हा ऐकणारा कान लागतो. पुढच्या काळात तुमचे काम टाइप करण्यापेक्षा तपासण्याचे जास्त असेल. त्यासाठी कायद्याची समज आजच्यापेक्षा अधिक लागेल. जमल्यास कायद्याची पदवी किंवा निदान पॅरालीगलचा एखादा अभ्यासक्रम जरूर करा.

पैसे कसे मोजले जातात?

खासगी कामात दर बहुतेक वेळा ‘ऑडिओ मिनिटा’वर ठरतो. हे मिनिट रेकॉर्डिंगचे असते, तुमच्या मेहनतीचे नाही. नवखी मंडळी इथेच फसतात. एक तासाचे रेकॉर्डिंग लिहायला सरावलेल्या माणसाला साधारण चार तास लागतात, नवख्याला सहा-आठ तास.

हिशेब करून पाहू. समजा, मिनिटाला १५ रुपये ठरले. एका तासाच्या ऑडिओचे ९०० रुपये झाले. तुम्हाला सहा तास लागले तर तासाला १५० रुपये पडले. सरावाने तेच काम चार तासांवर आणले तर २२५. म्हणून दर मान्य करण्याआधी पाच मिनिटांचा नमुना मागून घ्या आणि घड्याळ लावून लिहून पाहा. आवाज खराब असेल, बोलणारे तीनपेक्षा जास्त असतील, काम रातोरात हवे असेल किंवा सोबत भाषांतरही हवे असेल, तर दर वेगळा असला पाहिजे. हे आधी लेखी ठरवा. कामानंतर मागाल तर मिळणार नाही.

सामान फार लागत नाही. चांगला संगणक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, आरामशीर खुर्ची. आवाज थांबवायला आणि मागे न्यायला पायाने दाबायचे पेडल मिळते. त्यामुळे हात कीबोर्डवरून उचलावे लागत नाहीत आणि बराच वेळ वाचतो. सुरुवातीला ओट्रान्स्क्राइबसारखे मोफत साधन पुरते. मराठी आणि हिंदीसाठी युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका. रोमन अक्षरांतून देवनागरी टाइप करण्याची सवय घरगुती मेसेजसाठी ठीक आहे, पण वेग आणि अचूकता इन्स्क्रिप्टनेच येते.

फसवणुकीपासून सावध

‘घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला तीस हजार कमवा.’ अशी जाहिरात दिसली की थांबा. या फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. आधी नोंदणी फी किंवा अनामत रक्कम मागतात. मग एक करार पाठवून सही घेतात. आठवड्यात अशक्य इतके काम देतात आणि शेवटी सांगतात की तुमची अचूकता ९० टक्क्यांपेक्षा कमी भरली, आता दंड भरा. नाही भरला तर व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस, कोर्टाचा शिक्का, अटकेची धमकी. घाबरून अनेक गृहिणी आणि विद्यार्थी गुपचूप पैसे भरतात, कारण घरी सांगायची लाज वाटते.

लक्षात ठेवा, खरे काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही, देतो. काम कमी-जास्त झाले हा फार तर दिवाणी वाद आहे, त्यासाठी पोलीस अटक करायला येत नाहीत. असा मेसेज आला तर पैसे भरू नका, मेसेज पुसू नका, घरच्यांना सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. कायद्याच्या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या व्यक्तीने खोट्या नोटिशीला घाबरू नये, ही पहिली परीक्षा समजा.

घरी काम करताना गुप्तता कशी पाळाल?

डायनिंग टेबलवर लॅपटॉप, शेजारी मुलांचा अभ्यास आणि स्पीकरवर कोणाच्या तरी घटस्फोटाचे रेकॉर्डिंग, असे कधीही चालणार नाही. हे काम नेहमी हेडफोन लावून करा. संगणकाला पासवर्ड ठेवा, तो मुलांनाही देऊ नका. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका आणि काम संपल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसून टाका. नातेवाइकांत, सोसायटीत, भिशीत ‘आज काय ऐकले’ हा विषय निघता कामा नये. नाव न घेता सांगितले तरी लोक ओळखतात.

काही बाबतींत हा शिष्टाचाराचा नाही, तर गुन्ह्याचा प्रश्न आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड होईल असे काही प्रसिद्ध करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक गोष्ट, जी क्लासमध्ये कोणी सांगत नाही. अत्याचाराचे, अपघाताचे, लहान मुलांचे जबाब तासन् तास ऐकणे मनाला जड जाते. एकच वाक्य दहादा मागे नेऊन ऐकावे लागते. अशा फाइली सलग घेऊ नका, रात्री झोपण्याआधी तर नकोच. दर पाऊण तासाने उठा, कानांना आणि मनगटांना विश्रांती द्या. एखादा विषय सहन होत नसेल तर ‘हे काम मी घेत नाही’ असे सांगण्यात कमीपणा नाही.

सुरुवात कुठून कराल?

सरावासाठी उत्तम साहित्य मोफत उपलब्ध आहे. घटनापीठाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाले आणि सुनावण्यांचे लेखी रूप सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी निवडा. नावे, पक्ष, घटना ओळखीच्या असल्याने सगळे लक्ष भाषेवर देता येईल. दहा मिनिटांचा भाग ऐका, स्वतः लिहा आणि मग अधिकृत मजकुराशी ताडून पाहा. चुका तीन रंगांनी खुणावा : न ऐकू आलेले शब्द, न कळलेले कायद्याचे शब्द आणि टंकलेखनाच्या चुका. महिनाभराने कोणता रंग जास्त आहे ते पाहा. पुढे काय शिकायचे ते त्यावरून ठरवा. हा सराव स्वतःपुरताच ठेवा. न्यायालयाच्या चित्रीकरणाचे तुकडे कापून कुठे टाकू नका.

तीन महिन्यांनी दहा-बारा पानांचे दोन स्वच्छ नमुने तयार ठेवा, एक इंग्रजी आणि एक मराठीवरून इंग्रजी. हे नमुने सार्वजनिक सुनावणीवरूनच करा, कोणाच्या खासगी फाइलवरून कधीही नाही. मग ओळखीच्या वकिलांना भेटा. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातली प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांच्या ऑफिसमध्ये मराठी कागदांचे काम असतेच. पहिले काम लहान घ्या आणि सांगितलेल्या वेळेच्या एक तास आधी द्या. या व्यवसायात पुढचे काम जाहिरातीने येत नाही, आधीच्या कामाच्या विश्वासावर येते.

शेवटी एक सोपी चाचणी. येत्या रविवारी घरातली कामे आटोपल्यावर एक तास काढा. हेडफोन लावा आणि सुनावणीची फक्त पाच मिनिटे लिहून पाहा. तास संपल्यावर वैताग आला असेल, तर दुसरे करिअर शोधा, त्यात काही बिघडत नाही. पण एखादा निसटलेला शब्द अकराव्यांदा ऐकताना अचानक कळला आणि मनापासून आनंद झाला, तर दुसऱ्या दिवशीपासून सराव सुरू करायला हरकत नाही.